दोन वर्षांची बेरीज

"अख्खी हाय पोरगी. अख्खीच ठिवा, मास्तर."

भूकंपाच्या त्या सकाळी दगडमातीच्या ढिगातून वैष्णवीला बाहेर काढल्यावर गुरम्मानं आधी तिचे हात चाचपले, मग पाय चाचपले, केसांतली माती झटकली आणि तिला अवधूतरावांच्या पुढ्यात उभं केलं. औशाच्या बाजूच्या त्या गावात अवधूतराव हायस्कुलात कारकून होते. पण गावाला शाळेतला माणूस म्हणजे मास्तरच. गुरम्मा त्यांची घरमालकीण. पुढच्या खणात अवधूतराव, त्यांची पत्नी प्रमोदिनी आणि नववीतली वैष्णवी राहत. मागच्या खणात गुरम्मा आणि तिची नात. ती नात अजून ढिगाखालीच होती. आपलं लेकरू सापडलेलं नसताना त्या बाईनं दुसऱ्याचं लेकरू धड असल्याची खात्री करून दिली होती.

अवधूतरावांनी तिथंच, त्या चिखलमातीत, हात जोडले होते. "ठेवीन, गुरम्मा. शब्द देतो."

शब्द देताना माणूस खोटं बोलत नसतो. त्या क्षणी तो अगदी खरा असतो. पुढे संसार सुरू होतो आणि शब्द देवघरातल्या जुन्या फुलांसारखा कोपऱ्यात पडून राहतो.

पुढच्या वर्षी संस्थेनं अवधूतरावांची बदली नांदेडच्या ज्युनिअर कॉलेजात केली आणि परीक्षा विभाग त्यांच्या हाती आला. बारावीला नापास झालेली मुलं त्यांच्या टेबलाशी रांग लावून उभी राहत. ज्या विषयांत मूल पास झालं असेल त्यांतून त्याला सूट मिळे. ते गुण जपून ठेवले जात. पुढच्या खेपेला मुलानं राहिलेला विषय तेवढा द्यायचा, की दोन्ही खेपांचे गुण एकाच गुणपत्रिकेवर यायचे. "रडू नको रे, झालेलं कुठं जात नाही," असं अवधूतराव प्रत्येकाला सांगत. सांगून सांगून त्यांचाच त्यावर विश्वास बसला. जगातली प्रत्येक परीक्षा अशीच चालते, झालेलं कुठंच जात नाही, असं त्यांना वाटू लागलं.

त्याच वर्षांत लातूरला शिकवण्यांचा जोर वाढला होता. एकीकडे पुनर्वसनाची गावं उभी राहत होती, दुसरीकडे शहरात गल्लोगल्ली मुलांच्या फोटोंचे फलक लागत होते. नांदेडहून, बिलोलीहून, पार इस्लापूरहून लोक पोरांना तिकडे नेऊन सोडत. दहावीला चांगले गुण पडलेलं मूल गावात राहिलं, तर शेजारीच विचारत, "का हो, लातूरला नाही टाकलं?" टाकलं हाच शब्द. वैष्णवीलाही टाकलं. दुसऱ्या मजल्यावरची चार खाटांची खोली, मेसचा डबा, पहाटेची शिकवणी, दुपारचं कॉलेज, पुन्हा शिकवणी. मुलीला मेडिकलला जायचं होतं का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. नको असंही तिनं म्हटलं नव्हतं.

बारावीचा निकाल लागला. फिजिक्स आणि केमिस्ट्री शंभराला टेकलेले. बायॉलॉजी मात्र पार खाली.

"काय गं, बायो कसं काय पडलं?"

"पडलं, बाबा."

"पडलं म्हणजे? सराव परीक्षेत तर वर्गात पहिली होतीस!"

वैष्णवी ताटातल्या वरणभाताकडे बघत राहिली. प्रमोदिनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, आधी जेवू द्या तिला."

अवधूतराव रागावले नाहीत. ते रागावणारे गृहस्थ नव्हतेच. दुसऱ्या दिवशी अंघोळ, पूजा उरकून ते शांतपणे बाहेर आले तेव्हा त्यांना मार्ग सापडलेला होता.

"हे बघ, फिजिक्स, केमिस्ट्री आपल्या पदरात पडलेत. ते आता राखीव. पुढल्या वर्षी पुन्हा बस. पेपर सगळे द्यायचे, पण जोर फक्त बायोवर. मग औंदाचे हे दोन अन् पुढच्या वर्षीचा तो एक. कर बेरीज! सरकारी मेडिकल कुठं जातंय?"

"बाबा, पण असं धरतात का? कुणाला तरी विचारायचं का?"

"मी विचारू?" अवधूतराव हसले. "अगं, लोक मला विचारायला येतात!"

ते खरंही होतं. कॉलनीत दाखला असो की फॉर्म, अवधूतरावांचा शब्द शेवटचा. समोरच्या ओट्यावरून कुणी चेष्टेनं विचारी, "काय अवधूतराव, लेक डॉक्टर झाली का नाही?" तेही तसंच उत्तर देत, "अर्धी झालीय. अर्धी पुढल्या वर्षी." सगळे हसत. आत देवापुढे वाती वळत बसलेल्या प्रमोदिनीबाईंना मात्र ते 'अर्धी' कुठंतरी लागत असे. त्या बोलत नसत.

वैष्णवी पुन्हा लातूरला गेली. यंदा तिची तुकडी वेगळी होती. तिथं सगळीच मुलं दुसऱ्यांदा बसणारी. कुणी मोठ्यानं हसत नसे. वर्ष सरलं, निकाल लागला. बायॉलॉजीत मुलगी कॉलेजात पहिली आली! फिजिक्स-केमिस्ट्री घसरले होते, पण त्याची फिकीर कुणाला? ते तर आदल्या वर्षीचे राखून ठेवले होते. अवधूतरावांनी देवापुढे पेढे ठेवले, कॉलनीत वाटले आणि दोन्ही गुणपत्रिका घेऊन एका सोमवारी सकाळी प्रवेशाच्या कार्यालयात गेले.

खिडकीमागे नागसेन होता. त्यांच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी, आता सरकारी नोकरीत. सरांना बघून तो उठला, त्यांना आत बोलावून त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बोला सर. ह्यातली कोणती धरायची?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"अरे, मागच्या वर्षीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि औंदाचं बायो. बेरीज करून बघ, पहिल्या यादीत बसतीय का नाही!"

नागसेननं गुणपत्रिका खाली ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, इथं तसं नसतंय. तिन्ही विषय, पण बैठक एकच. एका वर्षात जे पडले तेच धरायचे."

"अरे पण मुलगी तीच आहे ना! तिन्ही पेपर तिनंच लिहिलेत!"

"मुलगी तीच हाय, सर. वर्ष येगळं हाय."

"मग हा नियमच चुकीचा आहे!"

"मलाबी आधी तसंच वाटायचं." नागसेनच्या आवाजात चीड नव्हती. "परदेशात काही विद्यापीठं हरेक खेपेतला चांगला चांगला भाग उचलून बेरीज करतात, असं वाचलंय मी. पण सर, तुम्हाला तर माहीत हाय. माझी माय बिलोलीला दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. मला एकच बैठक होती. पडलो असतो तर दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर गेलो असतो. आता असं धरा, एकानं दोन-तीन वर्षं बसून तीन चांगले विषय गोळा केले अन् माझ्यासारख्यानं एकदाच बसून जे पडलं ते घेतलं. यादीत वर कोण लागंल? ज्याच्या घरी दुसऱ्यांदा बसवायची ऐपत हाय, तोच. हुशारी राहिली बाजूला."

अवधूतरावांनी ते नीट ऐकलंही नाही. ते मनातल्या मनात यंदाची बेरीज करत होते. ती आदल्या वर्षीहून कमी भरत होती. फिजिक्स, केमिस्ट्री सोडून द्यायला मुलीला कुणी सांगितलं होतं? त्यांनीच! वर्षभर, प्रत्येक फोनवर!

घरी आले तेव्हा प्रमोदिनीबाईंची पूजा नुकतीच झाली होती. त्यांचं सोळा सोमवारांचं व्रत चालू होतं, लेकीच्या प्रवेशासाठी. अवधूतरावांनी सगळं सांगितलं. वैष्णवी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"काही बिघडलं नाही," अवधूतराव शेवटी म्हणाले. "आता नियम पक्का कळला. एक वर्ष अजून. तिन्ही विषय एकाच बैठकीत!"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," वैष्णवी म्हणाली आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली.

प्रमोदिनीबाई कधी नवऱ्याला उलट बोलत नसत. त्या दिवशी मात्र प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "मागल्या वर्षी वैष्णवीला ताप आला म्हणून मी लातूरला धावले आणि माझा एक सोमवार मोडला. आठवतंय?"

"आठवतंय. मग?"

"मग मी यंदा पहिल्यापासून धरलं. मागचे सोमवार यात जोडले नाहीत. मागचे काही वाया गेले नाहीत, ते देवाला पोचलेच असतील. पण ते मोडलेलं व्रत होतं आणि हे निराळं. घरात रोज हे बघत होता तुम्ही. तुम्हाला कसं कळलं नाही हो?"

"देवाचं वेगळं, बोर्डाचं वेगळं," अवधूतराव म्हणाले.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण व्रत मोडतं तेव्हा मी उपास पुन्हा धरते, तो माझ्या मनानं. तिला तुम्ही धरायला लावताय."

अवधूतराव उठून बाहेर गेले. आठवडाभरात वैष्णवी तिसऱ्यांदा लातूरच्या गाडीत बसली. खिडकीतून तिनं आईकडे बघून हात हलवला, तोही आईनं आधी हलवला म्हणून.

पोळा झाला, गणपती बसले नि उठले. एका दुपारी नांदेडच्या त्या घराच्या दारात गुरम्मा उभी राहिली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, काखेत पिशवी. थकली होती, पण आवाज तोच.

"घर सापडंना की तुमचं, मास्तर! आटोवाल्याला म्हणले मास्तरच्या घरी ने, तर त्यानं न्हिऊन गुरुद्वाऱ्यात सोडलं. म्हणलं बरं झालं, लंगरात जेवून आले. तुमच्या घरी जेवायचं वाचलं!"

प्रमोदिनीबाई हसल्या, तिच्या पाया पडल्या. अवधूतरावांनी चटई अंथरली. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग गुरम्मानं कप खाली ठेवला.

"पोरगी माझ्याकडं येती. ठावं हाय का तुम्हाला?"

दोघंही चमकले. "कोण? वैष्णवी?"

"आयतवारी येती. आमच्या नव्या गावात शिमिटाची घरं दिलीत सरकारनं, पर म्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच निजते. तीबी तिथंच निजती. येती, पडती अन् झोपती. सांजच्याला गाडी धरती. म्या इचारलं, बाई गं, हितं झोपायला येतीस व्हय? तर म्हणली, आजी, तिकडं दुसऱ्या मजल्यावर मला डोळा लागत न्हाई. हितं वर नुसता पत्रा हाय. पडला तरी मरत न्हाई माणूस."

प्रमोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अन् ती बायोची परीक्षा," गुरम्मा पुढे म्हणाली. "पहिल्या साली पेपर लिहीत व्हती. वरच्या मजल्यावर कुणी बाकडी वढली. गडगडल्यावानी आवाज झाला. ही उठली अन् बाकड्याखाली जाऊन बसली. निघंचना. बाईनं हाताला धरून काढलं. पोरं हसली. तवर येळ गेला निघून. तुम्हाला सांगितलं न्हाई तिनं?"

"नाही," अवधूतराव कसेबसे म्हणाले.

"कसं सांगंल? तुम्ही इचारलं, बायो कसं पडलं. पोरीला काय झालं, हे कवा इचारलं?"

अवधूतराव चाचरत म्हणाले, "गुरम्मा, तिच्या भल्यासाठीच... तिचे फिजिक्सचे गुण बघा, बायोचे बघा. सगळं चांगलं आहे हो तिच्यात. फक्त एका वेळी एका ठिकाणी येत नाही."

गुरम्मानं पदर मांडीवर पसरला.

"मास्तर, माझ्या नातीचं मला समदं चांगलं चांगलं सापडलं. कानातलं सापडलं, तसंच चमकत व्हतं. नवं दप्तर सापडलं. परकर सापडला, दिवाळीसाठी शिवलेला. लष्कराची पोरं एकेक आणून हातावर ठिवायची अन् म्हणायची, अम्मा, ये मिला. म्या समदं पदरात गोळा केलं. चांगलं चांगलं गोळा करून लेकरू व्हतंय का, मास्तर?"

गुरम्मानं पदर पुन्हा खांद्यावर घेतला.

"तुमची अख्खी निघाली व्हती. भ्यालेली निघाली, रडकी निघाली, पर अख्खी. म्या तुम्हाला काय म्हणले व्हते?"

काय म्हणाली होती! पाच वर्षं झाली होती आणि तरी प्रत्येक शब्द जिथल्या तिथं होता. अवधूतरावांना आठवलं, 'अर्धी झालीय, अर्धी पुढल्या वर्षी' असं आपण हसत सांगत होतो. देवा! ज्या मुलीला धरणीनं धड सोडलं, तिचे तुकडे आपणच केले! हा तुकडा मागच्या वर्षीचा, तो औंदाचा. पेपरच्या मध्यात बाकाखाली बसून थरथरणारी जी होती, ती आपल्या बेरजेत कुठंच नव्हती. आणि खरी वैष्णवी तर तीच होती.

गुरम्मा संध्याकाळच्या गाडीनं परतली. "थांबा की," म्हटलं तर म्हणाली, "उद्या आयतवार हाय. पोरगी येईल."

अवधूतराव नाक्यावरच्या बूथवर गेले आणि हॉस्टेलला फोन लावला. बऱ्याच वेळानं वैष्णवी आली.

"हां, बाबा. अभ्यास चालू आहे."

"बाळा, मी तुला न्यायला येतोय."

"सुटी नाही, बाबा."

"सुटीसाठी नाही. कायमचं. परीक्षा नाही दिलीस तरी चालेल. मेडिकल नाही झालं तरी चालेल. तुला काय वाटतं?"

अवधूतरावांना वाटलं, आता ती रडेल, आता हसेल, रागावेल तरी. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

तेच शब्द, तोच सूर. आपली लेक हे एकच वाक्य बोलायला शिकली आहे, आणि ते आपणच तिला शिकवलं आहे, हे त्या बूथच्या काचेआड उभं असताना अवधूतरावांना कळलं. उशीर झाला होता. किती, ते कळायला मार्ग नव्हता. गेलेली दोन वर्षं कुठल्याही खिडकीवर परत मिळणार नव्हती आणि घरी आणलेली मुलगी बोलू लागेल, याची हमी देणारं कुणी नव्हतं. परतताना वाटेत शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "अवधूतराव, आमचा सर्वेश तुमच्या सांगण्यावरून पुन्हा बसलाय बरं का! फक्त केमिस्ट्रीवर जोर!" अवधूतराव थांबले. ओट्यावर चढले आणि त्यांनी स्वतःची चूक पहिल्यापासून सांगितली. समोरच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं का? मग तिन्हीवर जोर द्यायला सांगतो." ओट्याखालच्या पायरीवर बसलेल्या सर्वेशनं मान वर केली नाही.

बंधुभगिनींनो, विद्यापीठानं कोणत्या परीक्षेचे गुण कशात मिळवायचे, हा विद्यापीठाचा प्रश्न आहे. नियम बदलतात. आज एका बैठकीचे धरतील, उद्या दोन परीक्षांची सांगड घालतील. त्यात न्याय असावा, एकदाच बसू शकणाऱ्या लेकराला मागे ढकलू नये, हे आपण नागरिक म्हणून जरूर मागावं. पण घराला विद्यापीठ करू नये. घरी गुणांची बेरीज होत नसते, घरी लेकरू येत असतं. ते आपल्या चांगल्या दिवसासह येतं आणि वाईट दिवसासह येतं. त्यातला चांगला दिवस वेचून घेऊन वाईट दिवस परत पाठवण्याचा अधिकार आईबापांना देवानं दिलेला नाही. आपल्या गल्लीतही असं एखादं मूल 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत असेल. त्याचा निकाल विचारण्याआधी त्याला काय झालं होतं, एवढं विचारा. वेळेत विचारा. वेळ निघून गेली असेल, तरीही विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनीबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली. दोघांना पुरेल एवढी. उद्याच्या सोमवारचा संकल्प त्यांनी मनाशी ठरवला होता. त्यात मेडिकलचं नाव नव्हतं, फक्त लेकीचं होतं.

"लातूरला जाताय ना आधी?" त्यांनी विचारलं.

"नाही," अवधूतराव म्हणाले. "आज रविवार आहे. मी पोचेन तेव्हा ती गुरम्माकडे झोपली असेल. उठवणार नाही मी. बसून राहीन."

त्यांनी लेकीची वळकटी बांधायची दोरी पिशवीत घातली, देवाला हात जोडले, आणि कॉलनी जागी व्हायच्या आत दार हळूच ओढून घेऊन ते स्टँडच्या रस्त्याला लागले.